पाठ दाखवायला हरकत नाही

मराठीत ‘पाठ दाखवणे’ या शब्दप्रयोगाला चांगला अर्थ नाही. रणांगणात पाठ दाखवली म्हणजे पळ काढला. शाळेत दाखल झाल्याच्या पहिल्या दिवसापासून हे आपल्या कानांवर पडते आणि ते योग्यच आहे. पण आपण कॅडेट मंडळींनी या वाक्याचा अर्थ जरा जास्तच ताणला आहे. पाठ शत्रूला दाखवायची नाही, हे खरे. आपण मात्र ती डॉक्टरांनाही दाखवत नाही, आणि दुखत असली तर नाहीच नाही.

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली आहे, म्हणून हा विषय. माझे मत असे की आपली पाठ आणि मान सत्रातल्या कवायतीने जेवढी दुखावत नाहीत, तेवढी सुट्टीतल्या एखाद्या शुक्रवार-शनिवार-रविवारच्या धामधुमीत दुखावतात. आपण कमजोर असतो म्हणून हे होत नाही. तयारी न करता जोर दाखवायला जातो, म्हणून होते. ही तयारी अवघड नाही. आणि तयारी करूनही दुखले, तर ते सांगणे हासुद्धा शिस्तीचाच भाग आहे.

सुट्टीनंतर शाळा उघडते, तो पहिला आठवडा आठवा. एक जण बुटाची नाडी बांधण्यासाठी खाली वाकत नाही, पाय कॉटवर ठेवतो. दुसऱ्याला मागून हाक मारली तर तो मान वळवत नाही, अख्खा वळतो. तिसरा सॅक नेहमी एकाच खांद्यावर टाकतो, कारण दुसरा खांदा वर जात नाही. काय झाले म्हणून विचारले, की तिघांचेही उत्तर ठरलेले : “काही नाही रे, रात्री वाकडा झोपलो होतो.” एवढी मुले एकाच आठवड्यात वाकडी कशी झोपतात, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

सत्रात असे का होत नाही, ते पाहू. सत्रात आपण कमी मेहनत करतो असे कोणी म्हणणार नाही. पहाटेची पी.टी., ड्रिल, संध्याकाळचे खेळ, दोराची चढाई, अडथळ्यांची शर्यत, सगळे असते. पण ते रोज असते आणि पायरी-पायरीने वाढते. नव्या कॅडेटला पहिल्याच दिवशी कोणी पूर्ण पाठपिशवी देऊन लांब रूट मार्चला पाठवत नाही. आधी अंग गरम करतात, मग धावणे, मग वजन. उस्ताद कितीही ओरडत असले तरी त्यांच्या डोक्यात एक हिशोब पक्का असतो : काल जेवढे केले त्याहून आज थोडेच जास्त.

सुट्टीत हा हिशोब कोणाकडेच नसतो. पहिले आठ-दहा दिवस आपण सकाळी नऊला उठतो, सोफ्यावर लोळतो, मोबाइल छातीवर ठेवून हनुवटी गळ्याला टेकवतो. आईला वाटते, बिचारा वर्षभर पहाटे उठतो, झोपू दे. मग एकदम कोणाला तरी जोडून आलेली सुट्टी दिसते. शुक्रवारी रात्री गाडीने निघायचे, शनिवारी पहाटे किल्ला, दुपारी शेतावर पोहायला, रविवारी मामाच्या घराची शिफ्टिंग आणि रात्री परतीचा प्रवास. दहा दिवस शून्य आणि तीन दिवसांत शंभर. असा कार्यक्रम शाळेत कोणत्याही उस्तादाने लावला असता, तर आपणच त्याच्या नावाने बोटे मोडली असती.

आपल्या पाठीला हे का झेपत नाही, ते समजायला थोडे शरीरशास्त्र पुरे. मानेत 7 मणके, छातीच्या मागे 12, कमरेत 5 आणि त्याखाली माकडहाडापर्यंत एकमेकांना जुळत जाणारे मणके. वरच्या मणक्यांच्या मधे कूर्चेच्या लवचीक चकत्या असतात. त्या धक्के झेलतात. रात्री आपण आडवे असतो तेव्हा त्या पाणी शोषून घेतात आणि दिवसभराच्या दाबाने पुन्हा थोड्या चपट्या होतात. म्हणून सकाळी आपली उंची रात्रीपेक्षा साधारण 1 सेंटिमीटरने जास्त भरते. (उंचीची चिंता असणाऱ्यांनी मोजमाप सकाळी करून घ्यावे.) याचाच दुसरा अर्थ असा, की उठल्या-उठल्या या चकत्या फुगलेल्या, ताणलेल्या असतात आणि त्या वेळी एकदम वाकून वजन उचलले तर त्यांच्यावर जास्त ताण येतो. तासन् तास वाकून बसल्यावरही तसेच. मणके बांधून ठेवणारे पट्टे ताणून सैल पडलेले असतात आणि ते पूर्ववत व्हायला थोडा वेळ लागतो.

शिवाय आपले वय. पंधराव्या-सोळाव्या वर्षी हाडे झपाट्याने वाढत असतात आणि मणक्यांच्या वाढीच्या कडा अजून पक्क्या झालेल्या नसतात. बाहेरून आपण मोठ्या माणसासारखे दिसतो. आतले बांधकाम मात्र चालू असते. ओल्या स्लॅबवर कोणी सामान चढवत नाही.

आता सुट्टीतली ही धामधूम एकेक करून पाहू. सुरुवात प्रवासापासून.

लखनौहून महाराष्ट्रात जाणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना पुष्पक एक्स्प्रेस माहीत आहे. मुंबईपर्यंत सुमारे चोवीस तास. साइड बर्थवर पाय दुमडून, खिडकीला डोके टेकवून, घडी घातलेल्या जाकिटाची उशी करून आपण हा दिवस काढतो. कल्याण आले की धावपळ सुरू होते. सीटखालून लोखंडी ट्रंक ओढायची, वाकलेल्याच अवस्थेत वळायचे आणि ती दारापर्यंत न्यायची. म्हणजे चोवीस तास आखडलेल्या पाठीला पहिले काम मिळते ते वाकणे, उचलणे आणि वळणे एकाच वेळी करण्याचे. पाठीला सर्वांत जास्त त्रास याच तीन गोष्टी एकत्र झाल्याने होतो.

उपाय साधा आहे. दर तास-दीड तासाने उठून डब्याच्या टोकापर्यंत चालत जाऊन यायचे. उतरण्याच्या अर्धा तास आधी सामान बाहेर काढून ठेवायचे, म्हणजे घाईत हिसका बसत नाही. एका मोठ्या ट्रंकेऐवजी दोन मध्यम बॅगा घ्यायच्या, दोन्ही हातांत सारखे वजन येते. ट्रंक न्यायचीच असेल तर दोघांनी दोन कड्या धरायच्या. वरच्या बर्थवर जड सामान एकट्याने फेकायचे नाही. आणि चारबागच्या फलाटावर लाल सदरा घातलेले हमालदादा सामान कसे उचलतात, ते एकदा नीट बघा. डोक्यावर कापडाची चुंबळ, मान सरळ, नजर समोर, पाठ ताठ, आणि ओझे डोक्यावर चढवताना दुसऱ्याचा हात. आयुष्यभर ओझे वाहणारा माणूससुद्धा ओझे एकट्याने चढवत नाही. आपण मात्र वर्षातून दोनदा ट्रंक उचलतो आणि मदत मागायला लाजतो.

दुसरी गोष्ट आहे कौतुकाची. घरी गेल्यावर पाहुणे दंड दाबून बघतात. मग मामी म्हणते, “अरे, तू मिलिटरीवाला ना? उचल की तो सिलिंडर!” लखनौत सुट्टी घालवणाऱ्यांनाही हे चुकत नाही. इथे तेच वाक्य ‘आप’ लावून, अदबीने येते. वजन मात्र तेवढेच असते.

घरगुती सिलिंडरमध्ये गॅस 14.2 किलो असतो. लोखंडी टाकीचे वजन साधारण तेवढेच किंवा थोडे अधिक. म्हणजे भरलेला सिलिंडर सुमारे 30 किलो. पिण्याच्या पाण्याचा मोठा जार 20 लिटरचा, म्हणजे 20 किलो आणि वर प्लास्टिक. आपल्यापैकी अनेकांचे वजन 50 किलोच्या आसपास आहे. केंद्र सरकारने 2020 मध्ये शाळेच्या दप्तराचे धोरण काढले. दप्तर मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांहून जड असू नये, असे त्यात म्हटले आहे. 50 किलोच्या मुलासाठी 5 किलो. वर्तमानपत्रात दप्तराच्या ओझ्याची बातमी आली की हळहळणारे घर त्याच मुलाच्या हातात 30 किलोचा सिलिंडर देते आणि फोटो काढते.

ओझे उचलणे हेच ज्यांचे काम आहे, त्यांच्यासाठीही जगाने मर्यादेचा विचार केला आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 मध्ये माणसाने वाहायच्या वजनाविषयी करार आणि शिफारस केली. प्रौढ पुरुष कामगारासाठी 55 किलोहून जास्त वजन असेल तर ते कमी करावे आणि लहान वयाच्या कामगारांसाठी मर्यादा प्रौढांपेक्षा बरीच कमी असावी, असे त्यात आहे. महाराष्ट्राने 1969 मध्ये माथाडी आणि हमाल कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. पाठीवर पोट असणाऱ्या माणसांच्या पाठीची किंमत ज्या राज्याने ओळखली, त्या राज्यातल्या घरांनी सुट्टीवर आलेल्या पोराच्या पाठीची किंमत ओळखायला हवी.

लखनौत ज्येष्ठ महिन्यातल्या मंगळवारी ‘बडा मंगल’ साजरा होतो. हनुमानाच्या नावाने चौकाचौकांत भंडारे लागतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला पुरी-भाजी, बुंदी, सरबत मिळते. ऊन चाळीस अंशांच्या वर असते. गल्लीतली कॅडेट मुले अशा वेळी हमखास पुढे होतात आणि व्हायलाच हवीत. सेवा करायला ना नाही. पण भाजीचे भरलेले पातेले आणि पाण्याचे जार चार जणांनी मिळून हलवावेत, अर्धे-अर्धे भरून न्यावेत, हातगाडी मिळाली तर वापरावी. द्रोणागिरी एकट्याने उचलणारा हनुमान एकच होता. मलिहाबादच्या बागेत दशहरीच्या पेट्या उचलणाऱ्यांना आणि कोकणात हापूसच्या पेट्या उचलणाऱ्यांनाही हाच सल्ला.

आणि उचलायचेच असेल तर ड्रिलसारखे पाठ करा. वस्तूच्या अगदी जवळ जा. पाय खांद्याएवढे फाकवा. कमरेत वाकण्याऐवजी गुडघ्यांत बसा. वस्तू पोटाशी धरा. पायांच्या जोरावर उठा. वळायचे असेल तर कंबर पिळू नका, पावले टाकून वळा. सिलिंडर शक्यतो उचलूच नये, थोडा तिरका करून कडेवर फिरवत न्यावा. घरी सिलिंडर आणून देणाऱ्या माणसाला बघा, तो हेच करतो.

तिसरी गोष्ट म्हणजे किल्ला आणि डोंगर. सह्याद्रीत जायची संधी मिळाली तर कोणी सोडू नये. कळसूबाईची उंची 1646 मीटर आहे आणि महाराष्ट्रात त्याहून उंच शिखर नाही, त्यामुळे त्यावर पाय ठेवण्याचा मोह होणारच. पण एका दिवसाच्या चढाईला पाणी, डबा, टॉर्च आणि पातळ जाकीट एवढेच लागते. तंबू, स्पीकर आणि दोन बॅटांची गरज नसते. सॅक दोन्ही खांद्यांवर घ्यावी. जड वस्तू पाठीला लागून आणि मध्यावर ठेवाव्यात, तळाशी किंवा बाहेर लोंबकळत नकोत. कमरेचा पट्टा असेल तर तो शोभेसाठी नसतो. तो बांधला की भार खांद्यांवरून कमरेच्या हाडांवर जातो. चढताना दम लागतो म्हणून आपण सावध असतो. उतरताना मात्र उड्या मारत येतो आणि प्रत्येक उडीचा धक्का टाचेतून कण्यापर्यंत जातो. उतार हळू उतरणारा भित्रा नसतो. दुसऱ्या दिवशी तो चालू शकतो.

चौथी गोष्ट मानेची. मराठीत मान खाली घालणे म्हणजे लाज वाटणे. लाज वाटावी असे आपण काही केलेले नसते, तरी सुट्टीत दिवसाचे चार-चार तास आपली मान खाली असते. न्यूयॉर्कचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी 2014 मध्ये संगणकावरच्या नमुन्याच्या आधारे एक हिशोब मांडला. मान सरळ असताना तिच्यावर डोक्याचेच वजन असते, सुमारे 5 किलो. मान 60 अंशांत खाली वाकवली की तोच भार सुमारे 27 किलो होतो. हा हिशोब नमुन्याचा आहे, प्रत्येकाच्या मानेवर तंतोतंत एवढाच भार येईल असे नाही. पण दिशा स्पष्ट आहे : मामीने सिलिंडर उचलायला सांगितला तर आपण कुरकुर करतो आणि मोबाइल बघताना जवळजवळ तेवढेच ओझे हौसेने मानेवर घेतो. मोबाइल डोळ्यांच्या पातळीवर धरावा आणि अर्ध्या तासाने बाजूला ठेवावा. चालत्या गाडीत तर खाली बघत बसूच नये. मान आधीच झुकलेली असते आणि वर खड्ड्यांचे धक्के बसतात.

मानेच्या बाबतीत एक गोष्ट मात्र सगळ्यांपेक्षा गंभीर आहे. इथे ‘दुखणे’ हा शब्द पुरत नाही. उन्हाळ्यात गावाकडे विहिरीत, कालव्यात, नदीच्या डोहात पोहायला जाणे हा सुट्टीचा कळस असतो. काठावरून सूर मारण्याची पैज लागते. मे महिन्यात पाणी खाली गेलेले असते. मागच्या वर्षी जिथे दोन पुरुष पाणी होते तिथे यंदा कमरेएवढे असू शकते आणि तळाशी दगड असतो. डोके आधी आपटले तर मानेचा मणका मोडतो, आतला मज्जारज्जू दुखावतो आणि मानेखालचे शरीर कायमचे लुळे पडू शकते. याला एक सेकंद लागतो. कितीही सराव असलेला पोहणारा यातून सुटत नाही, कारण पोहणे सुरू होण्याआधीच अपघात झालेला असतो. म्हणून नियम एकच : ज्या पाण्याचा तळ माहीत नाही त्यात डोके पुढे करून उडी नाही. आधी पायऱ्यांनी उतरून खोली पाहायची. आणि असा अपघात समोर घडलाच, तर त्या मुलाचे डोके आणि मान धडाच्या रेषेत आधार देऊन स्थिर ठेवायची, नाक-तोंड पाण्याबाहेर ठेवायचे, ओढून बसवायचे नाही आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायची. पैज हरलेला मुलगा संध्याकाळी घरी चालत येतो, हे लक्षात ठेवा.

आता तयारी. या तीन दिवसांच्या आधी आठ-दहा दिवस मिळतात, तेवढे पुरेसे आहेत. रोज पंधरा-वीस मिनिटे लागतात. सूर्यनमस्कार आपल्या सगळ्यांना येतात. सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपले आयुष्य सूर्यनमस्कारांच्या प्रसाराला दिले. त्यांनी ते आपल्या संस्थानच्या शाळांत नेले आणि त्यावर पुस्तके लिहिली. सूर्यनमस्कारात कणा पुढे वाकतो, मागे वाकतो, हात-पाय-पोट सगळे कामाला लागते आणि जागा लागते ती एका चटईची. सहापासून सुरुवात करून बारापर्यंत जावे. त्यात प्लँक आणि पाठीवर झोपून कंबर उचलणे यांची भर घालावी, कारण पाठीला खरा आधार पोटाच्या आणि नितंबांच्या स्नायूंचा असतो. मानेसाठी ‘सावधान’मध्ये उभे राहून हनुवटी सरळ मागे ओढायची, पाच सेकंद धरायची आणि सोडायची. दहा वेळा. शेवटचे तीन-चार दिवस सॅकमध्ये दोन-तीन किलो घालून अर्धा तास चालून यावे. हे सगळे पहाटे, कारण लखनौ असो की नागपूर, मे-जूनमध्ये दहानंतरचे ऊन स्नायूंना लवकर थकवते आणि पेटके आणते. पाणी तहान लागण्याआधी प्यावे.

यावर एक आक्षेप येणार, हे मला माहीत आहे. “असे जपून राहणारा मुलगा पुढे फौजेत काय करणार? सियाचिनला कोण विचारणार आहे, बाळा, पाठ दुखते का?” आक्षेप खोटा नाही. कठीण होण्यासाठीच आपण इथे आलो आहोत. पण कठीण होणे आणि मोडणे यांत फरक आहे. सियाचिनवर जाणाऱ्या जवानालाही आधी उंचीची सवय करून देतात, टप्प्याटप्प्याने वर नेतात. फौज घाई करत नाही, आपण करतो.

दुसरे उदाहरण मैदानावरचे. जसप्रीत बुमराहपेक्षा कणखर गोलंदाज आपल्या हाऊसमध्ये तरी कोणी नसेल. त्याच्या पाठीच्या खालच्या भागात 2019 मध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर निघाले आणि पुढे 2023 मध्ये त्याला पाठीची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. त्याने पाठ तज्ज्ञांना दाखवली, महिनोन् महिने थांबला आणि परत येऊन 2024 च्या टी-20 विश्वचषकात मालिकावीर ठरला. वाढत्या वयातल्या वेगवान गोलंदाजांना ही दुखापत विशेष होते. सुट्टीत तीन दिवस सकाळ-संध्याकाळ टेनिस बॉलने षटकांमागून षटके टाकणाऱ्यांनी आणि मागे झुकताना कमरेत एका बाजूला कळ येणाऱ्यांनी हे वाचून पान उलटू नये.

खरी अडचण वेगळी आहे आणि ती मोकळेपणाने बोलली पाहिजे. आपण पाठदुखी लपवतो ती लाजेपेक्षा भीतीने. एन.डी.ए.च्या मुलाखतीनंतर वैद्यकीय तपासणी असते आणि कणाही तपासला जातो, हे आपल्याला ठाऊक आहे. एम.आय. रूमच्या वहीत नाव गेले तर पुढे अडचण होईल, असे कोणीतरी सीनियर सांगतो आणि ते सगळ्यांना पटते. पण विचार करून पाहा. हाडावरचा ताण सुरुवातीला ओळखला तर बहुतेक वेळा विश्रांतीने आणि योग्य व्यायामाने बरा होतो. तोच वर्षभर दडवून, वर धावून, उड्या मारून वाढवला तर तो तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना सापडणारच. दुखणे लपवल्याने स्वप्न वाचत नाही, फक्त कळायला उशीर होतो.

प्रत्येक दुखणे घेऊन धावत सुटावे, असेही मी म्हणत नाही. सवय नसलेला व्यायाम केला की दुसऱ्या दिवशी स्नायू दुखतात आणि तीन-चार दिवसांत थांबतात. त्यासाठी हलके चालणे पुरते, अंथरूण धरायची गरज नसते. पण कळ पायात किंवा हातात उतरत असेल, मुंग्या येत असतील, बधिर वाटत असेल, पकड किंवा पाय लुळा पडत असेल, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल, सोबत ताप असेल, पडल्यानंतर दुखायला लागले असेल किंवा दोन आठवडे होऊनही थांबत नसेल, तर डॉक्टरांकडे जायचेच. लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर त्याच तासाला दवाखाना गाठायचा. ही यादी आपल्या लॉकरच्या दाराच्या आतून चिकटवून ठेवण्यासारखी आहे.

म्हणून तिघांकडे तीन मागण्या. पालकांना विनंती अशी, की सुट्टीचा बेत आखताना एका जड दिवसानंतर एक हलका दिवस ठेवा. किल्ला आणि शिफ्टिंग एकाच शनिवार-रविवारी नको. आम्ही आल्या-आल्या आमचे दंड दाबून बघा, पण पहिल्या दिवशी सिलिंडर देऊ नका. आणि मूल बूट घालताना वाकत नसेल, तर ‘कॅडेट आहे, होईल बरा’ असे म्हणून सोडून देऊ नका.

आमच्या उस्तादांना आणि सरांना विनंती अशी, की सुट्टीनंतरच्या पहिल्या फॉल-इनला केस आणि नखे बघता तसे एकदा विचारा, “कुणाची पाठ, मान दुखते आहे का?” सगळ्यांसमोर हात वर होणार नाहीत, म्हणून नंतर एकेकट्याला विचारा. पहिल्या आठवड्याची पी.टी. थोडी हलकी ठेवून वाढवत न्या. तुम्ही विचारलेत, तर सांगणे म्हणजे तक्रार करणे नव्हे, हे ज्युनियरांना आपोआप कळेल.

आणि कॅडेट मित्रांनो, आपल्यासाठी मागणी सगळ्यांत सोपी आहे. ट्रंकेची दुसरी कडी धरायला शेजाऱ्याला हाक मारा. आणि यंदा शाळा उघडल्यावर कोणी विचारले, तर ‘रात्री वाकडा झोपलो होतो’ हे उत्तर कोणी देऊ नका. शत्रूला पाठ दाखवायची नाही, ती धडधाकट असली तरच आपण त्याच्यासमोर उभे राहू. डॉक्टरांना दाखवा.